हिल्डा, तीन ठिकाणी

लंडनच्या टेट संग्रहालयातलं एक भलंमोठं चित्र मी फक्त छापील पाहिलंय, पण ते मनातून जात नाही. थेम्सकाठच्या कुकम गावातलं चर्चचं आवार. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे मेलेले उठण्याचा दिवस. थडगी उघडलीत आणि माणसं निवांत बाहेर येताहेत, जणू दुपारची झोप झाली!

चित्रकार स्टॅन्ली स्पेन्सर याच गावात १८९१ मध्ये जन्मला. १९२४ ते १९२७ खपून त्याने हे चित्र काढलं, त्यात आपलीच माणसं घातली. बायको हिल्डा तर तीन ठिकाणी: वेलीत पहुडलेली, फूल हुंगणारी, नदीकडे निघालेली. किती हे प्रेम, नाही?

१९३७ मध्ये घटस्फोट झाला आणि चारच दिवसांनी त्याने दुसरं लग्न केलं. तरी पत्रं हिल्डालाच! १९५० मध्ये ती वारली, त्यानंतरही तो तिला लिहीतच राहिला. मैत्रिणींनो, लोकांना यात अमर प्रेम दिसतं. मला मात्र वाटतं, उत्तर देणारी हिल्डा त्याला हवी होती का? तीही रीतसर शिकलेली चित्रकार. संसार नि दोन मुलींमध्ये तिचा कुंचला मागे पडला.

लहानपणी स्पेन्सर ज्या प्रार्थनाघरात जायचा, तिथे १९६२ पासून त्याच्या नावाचं कलादालन आहे.