नामपल्लीतला वार्षिक अहवाल

मृग लागला की दम्यासाठी जिवंत मरळीचं पिल्लू गिळायला जिथं रांगा लागतात, त्याच हैदराबादच्या नामपल्लीत तेलंगणाची विधानसभा आहे. वर्षाच्या पहिल्या अधिवेशनात राज्यपालांनी अभिभाषण करावं, असं घटनेचं कलम 176 सांगतं. सरकारनं काय केलं, पुढं काय करणार, ते त्यात येतं. मजकूर मंत्रिमंडळाचा, राज्यपाल फक्त वाचतात. स्वतःचीच पाठ थोपटणं म्हणा ना!

पण मंडळी, मार्च 2022 मध्ये अर्थसंकल्पी अधिवेशन राज्यपाल तमिळिसाई सौंदरराजन यांच्या अभिभाषणाविनाच सुरू झालं. आधीचं अधिवेशन संस्थगित केलेलं नाही, हे त्याचंच पुढचं सत्र, असं सरकारचं म्हणणं. पुढच्या वर्षी अर्थसंकल्पाला राज्यपालांची मंजुरी येईना, म्हणून सरकार उच्च न्यायालयात गेलं. तिथं तडजोड झाली आणि 3 फेब्रुवारी 2023 ला अभिभाषण झालं.

आपल्याला त्याचं काय? आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेत अहवालच वाचला नाही, तर आपण प्रश्न कशावर विचारणार? अहवालात थोडी बढाई असली तरी आम्हाला चालते. अभिभाषणानंतर आभाराच्या ठरावावर चर्चा होते. तेलंगणात सरकार तलावांत मत्स्यबीज फुकट सोडतं. बोटुकली केवढी होती, वेळेत पडली का, जगली किती, हे आमदार तिथं विचारू शकतो.