पारदर्शक नकाशे व पडद्यावरील त्यांचे विकार

सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे कृष्णेच्या खोऱ्यात मोडत असले, तरी पर्जन्याच्या बाबतीत त्यांत विलक्षण विषमता आहे. महाबळेश्वरी पावसाची झोड, तर माण, खटाव, आटपाडी व जत हे तालुके अवर्षणग्रस्त. ही विषमता दर्शविण्याकरिता अभ्यासक उपग्रहचित्रावर पर्जन्यमानाचा पारदर्शक थर ठेवून सादरीकरण सिद्ध करतात. परंतु तयार करताना निर्दोष वाटलेला हा थर सभागृहातील पडद्यावर कधी काळ्या चौकटीसह, कधी पांढऱ्या किनारीसह, तर कधी पालटलेल्या छटेने प्रकट होतो. पहिले दोन विकार डोळ्यांस खुपतात. तिसरा निष्कर्षासच बाधा आणतो. म्हणून त्यांची कारणमीमांसा करणे अगत्याचे आहे.

चित्रातील प्रत्येक बिंदूस तांबडा, हिरवा व निळा या रंगांची तीन मूल्ये असतात. पारदर्शक चित्रात त्यांखेरीज 'अल्फा' नामक चौथे मूल्य असते. सामान्यतः ० म्हणजे पूर्ण पारदर्शक व २५५ म्हणजे पूर्ण अपारदर्शक. थर निम्मा पारदर्शक असेल, तर थराचा रंग व तळाचा रंग यांची सरासरी पडद्यावर उमटते. १९९६ साली प्रमाणित झालेल्या पीएनजी या प्रकारात हे मूल्य साठविता येते. जीआयएफमध्ये बिंदू एक तर पूर्ण पारदर्शक असतो, नाही तर पूर्ण अपारदर्शक. मधली अवस्था नाही. नेहमीच्या जेपेग प्रकारात तर पारदर्शकतेस स्थानच नाही.

काळी चौकट उद्भवते ती बहुधा यामुळेच. चित्र एका प्रणालीतून उचलून दुसरीत चिकटविताना पुष्कळदा अल्फा मूल्य गळून पडते आणि रिकामी जागा काळी होते. यावर उपाय असा की, नकाशा पीएनजी म्हणून जतन करावा व चिकटविण्याऐवजी धारिका म्हणूनच सादरीकरणात समाविष्ट करावा. अभिलेखासाठीच्या पीडीएफ/ए-१ या प्रमाणात पारदर्शकता निषिद्ध आहे. ए-२ मध्ये ती मान्य आहे. छापील प्रत बिघडल्यास हेही तपासावे.

पांढऱ्या किनारीचे कारण निराळे आहे. नदीची रेघ गुळगुळीत दिसावी म्हणून तिच्या कडेच्या बिंदूंत निळा व पार्श्वभूमीचा पांढरा हे रंग मिसळलेले असतात. पॉवरपॉइंटमधील एक रंग पारदर्शक करण्याची आज्ञा केवळ निवडलेला पांढरा रंग काढते; मिश्र बिंदू तसेच उरतात. कऱ्हाडच्या कृष्णा-कोयना संगमाभोवती फिकट कडा दिसते ती यामुळे. क्यूजीआयएससारख्या प्रणालीतून नकाशा निर्यात करतानाच पार्श्वभूमी पारदर्शक ठेवावी. मागाहून पांढरा रंग खरवडून काढू नये.

तिसरा विकार अधिक सूक्ष्म आहे. उदाहरणादाखल, निम्म्या पारदर्शक थराची उजळता १०० धरू. सह्याद्रीच्या गर्द वनाची उजळता ६० असल्यास दृश्य मूल्य ८० येईल. माणदेशातील उघड्या रानाची १८० असल्यास १४० येईल. पर्जन्याचा वर्ग एकच, परंतु पश्चिमेस तो गडद व पूर्वेस फिका दिसेल. प्रेक्षक स्वाभाविकपणे पश्चिमेस अधिक पाऊस वाचील. म्हणजे जी विषमता सिद्ध करावयाची, ती काही अंशी चित्रणपद्धतीनेच निर्माण केलेली असेल. शिवाय रंगसूची पांढऱ्या कागदावर असल्यास तिच्यातील छटा नकाशात कोठेच आढळणार नाही.

यास्तव जेथे रंगावरून परिमाण वाचावयाचे आहे, तेथे उपग्रहचित्राऐवजी एकसारखी फिकट करडी पार्श्वभूमी घ्यावी, सूचीही त्याच पार्श्वभूमीवर व तितक्याच पारदर्शकतेने मांडावी, अथवा थर अपारदर्शक ठेवून तालुक्यांच्या सीमा त्यावर रेखाव्यात. उपग्रहचित्र हवेच असल्यास ते शेजारी स्वतंत्र द्यावे. नकाशा हा शोधनिबंधाचा अलंकार नसून पुरावा आहे. पुराव्याची छटा तळाच्या रंगानुसार पालटता कामा नये.