सहा महिन्यांचा हंगाम

दिवाळी सरली की कोल्हारच्या शिवारात ऊसतोड्यांच्या कोप्या उभ्या राहू लागतात. पाथर्डी-शेवगावकडची, बीडकडची माणसं येतात. उचल आधीच घेतलेली असते, बहुतेकदा खर्चूनही झालेली असते. मुकादमाच्या वहीत कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, लागलेला असतो. तान्ही पोरं संगती, शाळेतली पोरं गावाकडे म्हाताऱ्यांपाशी. गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने असेच जातात. मी २१ वर्षं व्यापारी बोटींच्या इंजिनरूममध्ये काढली. सुटीवर आलो की प्रवरेच्या पुलाकडे जाताना या कोप्या दिसायच्या, आणि हळूहळू ध्यानात आलं की आमची चाकरीही याच जातीची. ठरावीक महिन्यांचा करार, मध्ये जोडून देणारा माणूस, आणि हंगाम संपला की हाती आलेल्या रकमेवर पुढचे महिने. गावात मर्चंट नेव्हीला 'परमनंट नोकरी' समजतात. मी तिला हंगाम समजतो, आणि तिचा हिशेब तसाच मांडतो.

बारावीचा निकाल लागला की माझ्या ओट्यावर दोन-चार बाप मुलांना घेऊन येतात. पहिला प्रश्न पगाराचा. त्यात वावगं काही नाही. दोन-तीन एकराचा धनी पोराच्या शिक्षणावर काही लाख घालणार असेल तर त्यानं तोच प्रश्न आधी विचारावा.

समुद्र आमच्यापासून दोन-सव्वादोनशे किलोमीटर लांब. बोटीवर जायचं ते कोकणातल्या माणसानं, अशीच समजूत. रत्नागिरी, दाभोळ, खेडकडच्या घरांतून पिढ्यान् पिढ्या खलाशी मुंबईच्या गोदीत गेले, हे खरंच आहे. पण ५ एप्रिल १९१९ ला 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनला निघाली, त्या सिंदिया कंपनीच्या संस्थापकांत वालचंद हिराचंद होते. सोलापूरचा माणूस. रावळगाव आणि वालचंदनगरची साखर काढणारा. भारतात तो दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. साखरेच्या पट्ट्यातल्या माणसाला समुद्र परका नाही, हे मी मुलांना आवर्जून सांगतो. मी स्वतः कारखान्याच्या भोंग्यावर वाढलो. वडील बॉयलरवर होते. वाफ, टर्बाइन, पंप ही भाषा घरातच होती.

वाटा तीन-चार आहेत. बारावी विज्ञान, भौतिक-रसायन-गणितात ६० टक्के, इंग्रजीत ५०, आणि इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सामाईक प्रवेश परीक्षा. हे विद्यापीठ २००८ चं. त्याआधीची परंपरा मुंबईच्या 'डफरिन' या प्रशिक्षण नौकेपासून, १९२७ पासूनची. डेकला, म्हणजे बोट हाकायच्या कामाला जायचं तर एक वर्षाची पदविका आणि मग १८ महिने कॅडेट म्हणून प्रत्यक्ष बोटीवर. किंवा तीन वर्षांची पदवी. इंजिनला चार वर्षांचं मरीन इंजिनिअरिंग, नाहीतर माझ्यासारखं मेकॅनिकल करून वर्षभराचा कोर्स. दहावीनंतर सहा महिन्यांचं जीपी रेटिंग, म्हणजे खलाशाची वाट.

इथं थांबून एक गोष्ट सांगतो, कारण सगळ्यात जास्त घरं इथंच फसतात. कोर्स झाला म्हणजे बोट मिळाली असं नाही. समुद्रावरचे ते महिने भरल्याशिवाय अधिकारी होण्याच्या परीक्षेला बसता येत नाही, आणि ते भरायला कंपनीनं कॅडेट म्हणून घ्यावं लागतं. कोर्स करून दीड-दोन वर्षं घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत. म्हणून प्रवेश घेण्याआधी एखाद्या शिपिंग कंपनीचं स्पॉन्सरशिपचं पत्र हातात आहे का, हे बघायचं. कॉलेजची इमारत त्यानंतर बघा.

आता पैसा. कुशल खलाशाचं किमान मूळ वेतन आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पातळीवर ठरतं. २०२५ साठी ते महिना ६७३ डॉलर होतं. ओव्हरटाइम, रजेचा मोबदला त्यावर. अधिकाऱ्यांचे आकडे याच्या कितीतरी पुढे, आणि चीफ इंजिनियर किंवा कॅप्टन झालात तर आपल्याकडच्या फार थोड्या नोकऱ्या बरोबरी करतील. परदेशी बोटीवर काम आणि वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी मुक्काम, तर अनिवासी ठरून तो परदेशातला पगार साधारणपणे आयकरातून सुटतो. माझ्या पहिल्या तीन करारांत वडिलांचं सोसायटीचं कर्ज फिटलं, विहिरीचं बांधकाम झालं, धाकटीचं लग्न झालं. हे मी कधीच लहान करून सांगणार नाही.

पण बहुतेकांना पगार बोटीवरच्या महिन्यांचाच मिळतो. उतरलात की बंद. अधिकारी चार ते सहा महिने, खलाशी साधारण नऊ महिने बोटीवर, आणि पुढचा करार कधी येईल ते बाजार ठरवतो. हा बाजार आमच्या लोकांना कांद्याच्या भाषेत लगेच कळतो. कोरड्या मालाच्या भाड्याचा बाल्टिक निर्देशांक मे २००८ मध्ये ११,७९३ वर होता. त्याच डिसेंबरात ६६३ वर आला. सात महिन्यांत. भाव चढला की सगळे कांदा लावतात, तशा तेजीत सगळे बोटी बांधायला देतात. त्या बोटी पाण्यात उतरतात तेव्हा भाव गडगडलेला असतो. २०१६ मध्ये हांजिन ही कोरियाची मोठी कंपनी बुडाली, तेव्हा तिच्या मालभरल्या बोटींना बंदरात घ्यायला कोणी तयार नव्हतं. वरची माणसं मात्र तीच. आपल्यासारखीच कुणाकुणाची.

कामाचं स्वरूप फोटोत दिसत नाही. इंजिनरूममध्ये आखाती पाण्यात पंचेचाळीसच्या पुढे पारा. जड तेल शुद्ध करणारा प्युरिफायर उघडला की काळा, चिकट गाळ कोपरापर्यंत, आणि तो वास साबणानं जात नाही. रात्री इंजिनरूम रिकामी असते, पण ज्याची ड्यूटी त्याच्या केबिनमध्ये अलार्म वाजतो. दोन वाजता उठायचं, बॉयलर सूट चढवायचा, कानाला मफ लावायचे, सात मजले उतरायचं, बघायचं तर एखाद्या टाकीची पातळी खाली गेलेली. ते उरकून वर यावं, डोळा लागावा, आणि पुन्हा अलार्म. नियम चांगला आहे: २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती. ते तास नोंदवहीत नेहमी भरलेले असत. अंगाला नेहमी मिळत नसत.

तरीही हे काम मला आवडलं. हजारो टनांची बोट भर समुद्रात बंद पडली आणि चौघांनी मिळून सकाळपर्यंत ती चालू केली, तर पहिला धक्का पायाला जाणवतो त्या क्षणासारखं दुसरं काही मी अनुभवलेलं नाही. पंचविशीतल्या पोरावर एवढी जबाबदारी जमिनीवर कुणी टाकत नाही.

घरचा हिशेब वेगळा. आमची दोन एकर भगव्या डाळिंबाची बाग होती. एका करारावरून परतलो, सकाळी मळ्यात गेलो तर रान मोकळं. बागेवर तेल्या रोग आला होता. बायकोनं औषधं मारून पाहिली, कृषी सहायकाला दाखवलं, शेवटी गडी लावून झाडं उपटली आणि जाळली. मला चार महिने फोनवर 'बाग बरी आहे' एवढंच. मी रागावलो, तर म्हणाली, ''तुम्ही तिथून काय करणार होता? नुसतं जीव जाळत बसला असता.'' बोटीवरच्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही, हा घरोघरचा नियम आहे. त्यामुळे आपण घरात असतो तेव्हाही थोडे पाहुणेच. मुलं काही विचारायचं तर आईकडे बघतात. हिनं त्या वर्षांत बँक, कोर्ट, विहिरीची मोटार, सासूचं आजारपण सगळं एकटीनं पेललं. या करिअरचं मोजमाप करताना तिचा पगार कुठेच धरला जात नाही, आणि ते मला फार खुपतं.

संकटं म्हटली की लोकांना वादळ आठवतं. वादळापेक्षा माणसांनी आणलेली संकटं मी अधिक पाहिली. डिसेंबर २००७ मध्ये कोरियात नांगरून उभ्या 'हेबई स्पिरिट'वर भरकटलेला क्रेनचा तराफा आदळला, तेल सांडलं, आणि तिचे भारतीय कॅप्टन व चीफ ऑफिसर तिथं दीड वर्ष अडकले. त्यातले काही आठवडे तुरुंगात. २६ मार्च २०२४ ला 'डाली' बाल्टिमोरच्या पुलावर आदळली. वरच्या २१ जणांत २० भारतीय. ते कितीतरी आठवडे बोटीवरच अडकून पडले. पुढच्याच महिन्यात इराणनं 'एमएससी एरीज' ताब्यात घेतली, तीवर १७ भारतीय. कोविडमध्ये जगभरात चार लाखांच्या आसपास खलाशी करार संपूनही बोटींवर अडकले होते. त्यांतला एक मी. सहा महिन्यांसाठी चढलो, दहाव्या महिन्यात उतरलो, आणि पुन्हा चढलो नाही.

त्याआधी एका कंपनीनं आमचा चार महिन्यांचा पगार थकवला होता. बंदराबाहेर नांगर टाकून उभे, ताजी भाजी संपलेली, गोडं पाणी मोजून. तेव्हा आम्हाला जोर आला तो कागदांचा. २००६ च्या सागरी कामगार कराराला भारतानं २०१५ मध्ये मान्यता दिली. २०१७ पासून बोट वाऱ्यावर सोडली तर चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी परतायचा खर्च भागेल एवढी आर्थिक हमी मालकाला ठेवावी लागते. तरी बोटी टाकून देणं थांबलेलं नाही. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाकडे अशा ३१२ बोटींची नोंद झाली, आणि त्यांवर सर्वाधिक माणसं भारतीय होती. पण दाद मागायला दार आहे. कोपीतल्या माणसाला परतीच्या तिकिटाची हमी नाही, विश्रांतीचे तास कुणी लिहीत नाही. आमचा हंगाम त्याच्यापेक्षा बरा आहे तो या कागदांमुळे.

म्हणून मुकादम तपासून घ्या. खलाशी भरणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, आरपीएसएल म्हणतात त्याला. त्याचा क्रमांक महासंचालनालयाच्या यादीत बघता येतो. आणि नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणं बेकायदेशीर आहे. माझ्या नात्यातल्या एका मुलानं साडेतीन लाख भरले, एका परदेशी बंदरात त्याला बोटीऐवजी एका खोलीत सहा आठवडे ठेवलं, शेवटी घरच्यांनी गाय विकून तिकीट काढलं. आई-बाप अजून त्याबद्दल बोलत नाहीत. लाजेनं. लाज त्यांनी का वाटून घ्यावी?

मुलींचंही विचारतात आता. सोनाली बॅनर्जी देशातली पहिली महिला मरीन इंजिनियर. कॅप्टन राधिका मेनन यांनी २०१५ मध्ये बंगालच्या उपसागरात बुडत्या होडीतले सात मच्छीमार वाचवले आणि पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळवला. बोटीवर वीसेक पुरुषांत एकटी असण्याचा ताण मोठा आहे, तो मी लपवत नाही. पण कामात मुलगी कमी पडते असं मी एकदाही पाहिलं नाही.

यंदा आलेल्यांत पलीकडच्या तीरावरच्या कोल्हार खुर्दचा एक मुलगा होता. डेकला जायचं म्हणत होता, बापानं गुंठेवारीचा प्लॉट विकायला काढला होता. मी म्हटलं, प्लॉट राहू द्या, आधी डोळे. डेकवर लाल-हिरवे दिवे ओळखून बोट हाकायची असते. रंगांत गफलत असली तर वैद्यकीय तपासणीत पोरगं तिथंच बाद होतं, आणि हे पुष्कळांना फी भरल्यावर कळतं. श्रीरामपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. मुलगा पान उलटेल तसा आकडा सांगत गेला, बारा, आठ, एकोणतीस, आणि बाप माझा दंड घट्ट धरून उभा होता.