धूर आणि भाडे यांचा एकच हिशेब : भिलाईची मालवाहतूक

पोलादाच्या कारखान्याचा विचार करताना लक्ष प्रथम झोतभट्टीकडे जाते. परंतु एक टन लोखंडरस तयार करण्यासाठी सुमारे तीन टन लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी भट्टीपर्यंत आणावी लागते आणि तयार झालेले पोलाद पुन्हा शेकडो किलोमीटर दूर पोहोचवावे लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे असा कारखाना मुळात वाहतुकीचा एक प्रचंड व्यवहार आहे हे स्पष्ट होते. या व्यवहारातून दोन गोष्टी बाहेर पडतात : एक म्हणजे भाड्याचे बिल आणि दुसरी म्हणजे वातावरणात मिसळणारा कार्बन डायऑक्साइड. या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत, म्हणजे धूर कमी करायचा तर भाडे वाढणारच, अशी समजूत उद्योगजगतात बरीच रुजलेली आहे. भिलाईच्या उदाहरणावरून या समजुतीची तपासणी केली असता असे दिसते की मालवाहतुकीतील धूर आणि भाडे यांचा उगम बहुतांशी एकच आहे, आणि तो म्हणजे मालाव्यतिरिक्त इतर गोष्टी ओढण्यात व थांबून राहण्यात वाया जाणारे इंधन.

भिलाईची जागाच मुळी वाहतुकीचा विचार करून निवडलेली आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून हा कारखाना आकाराला आला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. लोहखनिजासाठी दल्ली-राजहराच्या खाणी शंभर किलोमीटरच्या आत होत्या, चुनखडी जवळच्या नंदिनीत होती, डोलोमाइट बिलासपूरकडील हिर्रीत होते आणि दाराशी हावडा-नागपूर-मुंबई हा लोहमार्ग होता. या मार्गाचा पहिला दुवा नागपूरकरांच्या परिचयाचा आहे. १८८२ च्या सुमारास नागपूर ते राजनांदगाव अशी मीटरगेज रेल्वे छत्तीसगडचे धान्य पश्चिमेकडे आणण्यासाठी बांधली गेली आणि १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन रुंद रुळांवर आणली व पूर्वेकडे वाढवली. कोकिंग कोळशापैकी, म्हणजे ज्यापासून भट्टीसाठी कोक बनतो त्या कोळशापैकी, मोठा भाग मात्र आता परदेशातून जहाजाने पूर्व किनाऱ्यावरील विशाखापट्टणमसारख्या बंदरांत आणि तेथून रेल्वेने येतो.

वाहतुकीची तुलना करण्यासाठी ‘टन-किलोमीटर’ हे एकक वापरतात. एक टन माल एक किलोमीटर नेला म्हणजे एक टन-किलोमीटर. भारतीय रेल्वेकडून दिल्या जाणाऱ्या आकड्यांनुसार एका टन-किलोमीटरमागे रस्त्याने सुमारे १०१ ग्रॅम, तर रेल्वेने सुमारे ११.५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पोलादी रुळावर फिरणाऱ्या पोलादी चाकाला होणारा विरोध डांबरी रस्त्यावरील रबरी टायरला होणाऱ्या विरोधाच्या कित्येक पटींनी कमी असतो, हे या फरकाचे मुख्य कारण आहे. खर्चाचा आकडाही त्याच दिशेने जातो. केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार एका टन-किलोमीटरचा सरासरी खर्च रस्त्याने सुमारे पावणेचार रुपये आणि रेल्वेने सुमारे दोन रुपये पडतो.

या सरासरीचा भिलाईच्या संदर्भातील अर्थ एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. वर्षाला एक कोटी टन लोहखनिज ९० किलोमीटर आणायचे आहे असे धरले, तर ते ९० कोटी टन-किलोमीटर होतात. वरील दराने रेल्वेमुळे सुमारे १० हजार टन आणि रस्त्याने सुमारे ९१ हजार टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेल. हाच माल ३५ टनी ट्रकांनी आणायचा तर दररोज सुमारे ७८० भरलेले ट्रक आणि तितकेच परतीचे रिकामे फेरे लागतील, तर चार हजार टन माल घेणाऱ्या मालगाड्यांना दिवसाकाठी सात फेऱ्या पुरतील. रस्त्यांची झीज, अपघात आणि वाटेवरील गावांना सोसावी लागणारी लाल धूळ यांची गणना या हिशेबात झालेलीच नाही.

असे असूनही स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात देशाच्या मालवाहतुकीत रेल्वेचा जो ८५ टक्क्यांच्या आसपास वाटा होता, तो अलीकडच्या वर्षांत ३० टक्क्यांच्याही खाली आला. याची कारणे समजून घेतल्याशिवाय उपाय सुचवणे व्यर्थ आहे. प्रवासी भाडे कमी ठेवण्यासाठी त्याचा भार मालभाड्यावर टाकला गेला. प्रवासी गाड्यांना वाट देण्यासाठी मालगाड्या बाजूच्या रुळावर थांबत राहिल्या, त्यामुळे त्यांचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटरच्या जवळपास अडकला. माल केव्हा पोहोचेल याची शाश्वती राहिली नाही. आणि पूर्ण रेक, म्हणजे एका गाडीचे सर्व डबे, भरण्याइतका माल लहान उत्पादकाजवळ नसल्याने तो आपोआप ट्रककडे वळला. त्यात २०१८ मध्ये ट्रकांच्या आसांवरील भाराची मर्यादा वाढवण्यात आल्याने रस्त्याची स्पर्धा अधिक तीव्र झाली. व्यापाऱ्याच्या दृष्टीने भाडे म्हणजे केवळ टन-किलोमीटरचा दर नसतो. मालधक्क्यापर्यंतची ने-आण, दोनदा करावी लागणारी चढउतार आणि वाटेत अडकून पडलेल्या मालात गुंतलेले भांडवल हे सारे त्यात येते. म्हणून रेल्वेचा पर्यावरणीय लाभ प्रत्यक्षात उतरवायचा असेल तर तिच्या वेळेची आणि टोकाच्या सेवेची सुधारणा आधी व्हावी लागते.

वाया जाणाऱ्या इंधनाच्या तीन मुख्य वाटा आहेत : गाडीचे स्वतःचे वजन, रिकामे फेरे आणि थांबणे. पहिल्या बाबतीत भिलाईचे योगदान थेट आहे. एका आसावर जितका अधिक भार घेता येईल, तितका एका गाडीत अधिक माल मावतो आणि दर टनामागचे इंधन, चालक व मार्गाचा वेळ यांचा खर्च घटतो. मात्र तो भार पेलण्यासाठी तसेच मजबूत रूळ लागतात. समर्पित मालवाहतूक मार्गांवर २५ टन आसभाराच्या गाड्या चालतात, आणि अशा भारासाठी लागणारे अधिक कणखर रूळ भिलाईत तयार होतात. येथे १३० मीटर लांबीचे रूळ लाटले जातात व ते जोडून २६० मीटरचे पट्टे रवाना होतात, त्यामुळे मार्गावरील सांध्यांची संख्या कमी होते आणि देखभाल सोपी होते. डब्यांचे वजन घटवण्याचाही प्रयत्न झाला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भुवनेश्वरहून बिलासपूरकडे रवाना झालेला ६१ डब्यांचा पहिला अॅल्युमिनियम रेक नेहमीच्या रेकपेक्षा १८० टनांनी हलका होता. त्याची किंमत सुमारे एक तृतीयांशाने अधिक असली तरी वाढीव माल, कमी ऊर्जा आणि जुन्या अॅल्युमिनियमला मिळणारा चांगला भाव यांतून ती वसूल होईल, असा त्यामागील हिशेब आहे.

थांबण्याच्या प्रश्नावर दक्षिण पूर्व मध्य रेल्वेने लांब गाड्यांचा उपाय योजला. जानेवारी २०२१ मध्ये पाच मालगाड्यांचे रेक जोडून सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीची ‘वासुकी’ भिलाईहून कोरब्याकडे २२४ किलोमीटर सुमारे सात तासांत नेण्यात आली, आणि १५ ऑगस्ट २०२२ रोजी ‘सुपर वासुकी’ने २९५ डब्यांतून सुमारे २७ हजार टन कोळसा कोरब्याहून राजनांदगावपर्यंत पोहोचवला. पाच गाड्यांऐवजी एकच गाडी गेल्याने मार्गावर इतरांसाठी जागा मोकळी होते. तथापि अशा गाड्या रोज चालवायच्या तर तितक्या लांबीचे बाजूचे रूळ हवेत, म्हणून त्या मार्गवाढीला पर्याय ठरू शकत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झालेली खरसिया-नया रायपूर-परमालकसा ही २७८ किलोमीटरची पाचवी व सहावी मार्गिका आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मंजूर झालेली गोंदिया-डोंगरगड चौथी मार्गिका यांचे महत्त्व यातून कळते. या मार्गांवर कोळशाला वाट देण्यासाठी प्रवासी गाड्या रद्द होण्याचा त्रास विदर्भ आणि छत्तीसगड या दोन्ही भागांतील लोकांनी सोसलेला आहे. त्यामुळे मार्गिका वाढवणे हा प्रवाशांना न्याय देण्याचाही भाग ठरतो.

जेथे रूळ पोहोचत नाहीत, त्या शेवटच्या टप्प्याचा प्रश्न वेगळा आहे. दल्ली-राजहराचे साठे घटत असल्याने भिलाईची भिस्त आता रावघाटच्या खाणींवर आहे. त्यांच्यासाठी दल्ली-राजहराहून ९५ किलोमीटरचा लोहमार्ग हाती घेण्यात आला आणि तो रावघाटपर्यंत पोहोचण्यापूर्वीच्या काळात खनिज ट्रकांनी अंतागड स्थानकापर्यंत आणून पुढे रेल्वेने नेण्याची व्यवस्था झाली. अशा ठरावीक, आखूड आणि दिवसरात्र चालणाऱ्या फेऱ्यांसाठी विजेवरील ट्रक सर्वांत योग्य ठरतो, कारण बॅटरीची मर्यादा तेथे आड येत नाही आणि फेऱ्या जितक्या अधिक, तितकी डिझेलच्या बचतीतून त्याची मोठी मूळ किंमत लवकर भरून निघते. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने विजेवरील ट्रकांसाठी ९.६ लाख रुपयांपर्यंत अनुदान जाहीर केले, तेव्हा भिलाईचा कारखाना चालवणाऱ्या ‘सेल’ने दोन वर्षांत असे १५० ट्रक घेण्याचा आणि भाड्याने घेतलेल्या वाहनांपैकी किमान १५ टक्के वाहने विजेवरील असावीत असा मनोदय व्यक्त केला. देशातील वाहनांत डिझेल ट्रकांचे प्रमाण अवघे ३ टक्के असून वाहतुकीतील हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात त्यांचा वाटा ४२ टक्के असल्याचे सरकारने त्या वेळी सांगितले. यावरून या छोट्या गटावर लक्ष केंद्रित करण्याचे औचित्य स्पष्ट होते. मे २०२५ मध्ये छत्तीसगडमध्येच, रायगडच्या कोळसा खाणीसाठी, हायड्रोजनवर चालणारा ट्रकही सुरू झाला. परंतु हायड्रोजन अजून महाग असल्याने, जेथे रूळ आणि बॅटरी दोन्ही अपुरे पडतात तेथेच त्याचा विचार शहाणपणाचा ठरेल.

चाकाविना वाहतुकीचा मार्गही या प्रदेशाला अपरिचित नाही. बारीक दळलेले खनिज पाण्यात मिसळून नळातून वाहून नेण्याच्या पद्धतीने किरंदूलहून विशाखापट्टणमपर्यंत २६७ किलोमीटरची वाहिनी चालते, आणि २०२५ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात हेडरी ते कोनसरी अशी ८५ किलोमीटरची वाहिनी सुरू झाली. त्याच जिल्ह्यातील सूरजागडच्या खाणीतून खनिज नेणाऱ्या ट्रकांनी आलापल्ली-आष्टी परिसरातील रस्त्यांचे काय केले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अशा वाहिनीचे मोल निराळे सांगावे लागत नाही. तरीही तिला लागणारे पाणी आणि तिच्या वाटेतील जंगल व जमीन यांची किंमत भाड्याच्या हिशेबात धरली गेली पाहिजे.

येथे एक रास्त आक्षेप उभा राहतो. विजेवरील इंजिन आणि विजेवरील ट्रक यांना लागणारी वीज कोरब्याच्या कोळशातूनच येत असेल, तर धूर केवळ जागा बदलतो. आक्षेपात तथ्य आहे, परंतु ते अपुरे आहे. कमी घर्षणामुळे लागणारी ऊर्जाच मुळात कमी असते, आणि उतारावर किंवा थांबताना आधुनिक इंजिने वीज निर्माण करून तारेत परत सोडतात. शिवाय विजेचा स्रोत पुढे बदलता येतो, तसा डिझेलचा बदलता येत नाही. रेल्वेच्या मोकळ्या जमिनीवर भिलाईजवळच्या चरोदा येथे उभारलेला ५० मेगावॉटचा सौरप्रकल्प फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला, तो याच दिशेने टाकलेला पाय आहे.

खर्चकपातीचा भार कोणावर पडतो, हा प्रश्नही भिलाईच्या इतिहासाने पूर्वीच विचारलेला आहे. दल्ली-राजहराच्या खाणकामगारांना संघटित करणारे शंकर गुहा नियोगी, ज्यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली, यांनी खाणींच्या संपूर्ण यांत्रिकीकरणाला विरोध करताना मजुरांचा रोजगार टिकवणाऱ्या अर्ध-यांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला होता. आज ट्रकांचे फेरे कमी होतील तेव्हा चालक, सहायक आणि कर्ज काढून एखाददुसरा ट्रक घेतलेले छोटे मालक यांच्या उपजीविकेचा विचार तितक्याच गांभीर्याने व्हायला हवा. विजेवरील ट्रकांचे कर्ज आणि अनुदान मोठ्या कंपन्यांपुरतेच मर्यादित राहिले, तर स्वच्छ वाहतुकीचा खर्च सर्वांत दुबळ्या घटकाने भरला असे होईल.

प्रमाणाचे भानही राखले पाहिजे. भारतात एक टन पोलादामागे सरासरी सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि त्याचा फार मोठा भाग भट्ट्यांतून येतो. वाहतूक कितीही सुधारली तरी पोलाद निर्मितीचे तंत्र बदलण्याची गरज संपत नाही. परंतु ते तंत्र बदलण्यास प्रचंड भांडवल आणि अनेक वर्षे लागणार आहेत, तर वाहतुकीतील बहुतेक सुधारणा आजच्या ज्ञानावर आणि बऱ्याच अंशी स्वतःच्या बचतीवर उभ्या राहू शकतात. त्यासाठी कारखान्यांनी प्रत्येक खेपेच्या भाड्याशेजारी तिचा कार्बन आणि रिकामे किलोमीटर नोंदवले पाहिजेत, परतीच्या फेऱ्यांसाठी परस्परांच्या मालाची सांगड घातली पाहिजे, रेल्वेने मालगाडीला वेळापत्रकाची हमी दिली पाहिजे, आणि शासनाने अनुदानाचा पैसा आखूड पल्ल्याच्या शेवटच्या टप्प्यावर व छोट्या ट्रकमालकांवर खर्च केला पाहिजे. या क्रमाने पावले टाकली तर मालवाहतुकीचा धूर कमी करणे देशाला महाग पडणार नाही, आणि रूळ घडवणाऱ्या भिलाईइतके हे दाखवून देण्याचे सामर्थ्य व जबाबदारी फार थोड्या ठिकाणांकडे आहे.