एक डोंगल, दोन कृष्णविवरं

विज्ञानातला एखादा सुबक आलेख पाहताना तो कशात काढला, हे सहसा कोणी विचारत नाही. आलेख काढणारं मॅटप्लॉटलिब हे सॉफ्टवेअर आज जगभरच्या प्रयोगशाळांत रोज वापरलं जातं. त्याच्या जन्माला मात्र एक साधी अडचण कारण झाली.

डोंगल कोणाकडे?

जॉन हंटर शिकागो विद्यापीठात अपस्मारावर संशोधन करत होता. रुग्णाच्या मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवलेल्या इलेक्ट्रोडमधून येणारे विद्युत संकेत तपासायचे, हे त्याच्या गटाचं काम. त्यासाठीचं सॉफ्टवेअर विकतचं होतं. प्रत एकच, आणि तीही संगणकाला डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लावल्याशिवाय उघडायची नाही. अभियंते, शास्त्रज्ञ, वैद्यकीचे विद्यार्थी अशा सगळ्यांना ते एकाच वेळी हवं असायचं, त्यामुळे डोंगलवरून ओढाताण ठरलेली. हंटरने आधी मॅटलॅबमध्ये पर्याय उभा केला. कामाचा पसारा वाढला तसं तेही अपुरं पडू लागलं आणि तो पायथन या संगणकभाषेकडे वळला.

‘सध्या वेळ नाही’

तिकडे कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये फर्नांडो पेरेझ भौतिकशास्त्रात पीएचडी करत होता. प्रबंध बाजूला ठेवून त्याने २००१ मध्ये स्वतःच्या सोयीसाठी २५९ ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला: आयपायथन. एक ओळ लिहायची, उत्तर बघायचं, त्यावरून पुढची ओळ सुचते. विदा चाचपणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

२००२ मध्ये हंटरने त्याला एक पॅच, म्हणजे आयपायथनमध्ये जोडायचा कोड, पाठवला. आयपायथनमधूनच, ग्नूप्लॉट या आलेखाच्या प्रोग्रॅमच्या मदतीने, मॅटलॅबसारखे आलेख काढता यावेत, एवढाच त्याचा उद्देश. पेरेझचा प्रबंध अगदी शेवटच्या टप्प्यात होता. काही महिने तरी हे बघायला जमणार नाही, असं त्याने सरळ कळवून टाकलं. हंटर थांबला नाही. त्याने स्वतःच आलेखाचं साधन लिहायला घेतलं आणि २००३ मध्ये मॅटप्लॉटलिबची पहिली आवृत्ती बाहेर पडली.

पुढे दोघांनी मिळून एक किचकट गाठ सोडवली. आलेखाची खिडकी उघडली की आयपायथनचा प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा लिहायची ओळ, अडकायचा आणि खिडकी बंद केल्याशिवाय पुढची आज्ञा देता यायची नाही. आज खिडकी उघडी ठेवून आपण अक्षाची मर्यादा बदलतो, रेघेचा रंग बदलतो आणि आलेख समोरच पालटतो, ते या दोघांच्या त्या खटपटीमुळे.

इंद्रधनुष्याची फसवणूक

आकड्यांना रंग देणारी मॅटप्लॉटलिबची मूळ रंगमाला होती ‘जेट’: निळा, हिरवट, पिवळा, लाल. दिसायला आकर्षक, पण फसवी. पिवळ्याचा उजळ पट्टा डोळ्यात भरतो आणि विदेत जिथे काहीच बदललेलं नाही तिथे सीमारेषा भासते. हाच आलेख कृष्णधवल छापला तर गडद निळा आणि गडद लाल सारखेच काळपट दिसतात. किमान आणि कमाल ओळखू येत नाही. स्टेफान व्हान डर वॉल्ट आणि नॅथॅनिएल स्मिथ यांनी दृष्टिविज्ञानाच्या आधाराने नवी रंगमाला रचली. जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत तिचा उजेड एकसारखा चढत जातो आणि रंगांधांनाही ती वाचता येते. तिचं नाव ‘व्हिरिडिस’. २०१७ च्या २.० आवृत्तीपासून जेटची जागा तिने घेतली. ज्यांनी आलेख काढणाऱ्या स्क्रिप्ट जपून ठेवल्या होत्या, त्यांना जुने आलेख नव्या रंगांत काढायला त्या पुन्हा चालवणं पुरलं. माउसने एकेक टिचकी मारत काढलेल्या आलेखाला ही सोय नाही.

विश्वास ठेवू नका, चालवून बघा

फेब्रुवारी २०१६ मध्ये दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा झाली, तेव्हा लायगो या वेधशाळेने शोधनिबंधासोबत विदा आणि ती आयपायथन व मॅटप्लॉटलिब वापरून तपासण्याची नोटबुकही खुली केली. गोंगाट गाळण्याचा टप्पा तिथे ओळीओळीने दिसतो. गाळणीची वारंवारिता बदला, ती ओळ पुन्हा चालवा, आलेख नव्याने उमटतो. लायगोच्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथल्या शोधकांवर सुमारे ७ मिलिसेकंदांच्या फरकाने पोहोचलेला तो संकेत पुण्यातल्या आयुका या खगोलसंस्थेत जसा तपासता येतो, तसाच लायगो-इंडिया जिथे उभी राहते आहे त्या औंढा नागनाथच्या महाविद्यालयातही. डोंगल लागत नाही.

हंटर २८ ऑगस्ट २०१२ रोजी, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी, कर्करोगावरच्या उपचारांतल्या गुंतागुंतीने गेला. विद्यापीठांत निबंध मोजले जातात. निबंध ज्याच्या जोरावर उभे राहतात ते सॉफ्टवेअर फारसं कोणी मोजत नाही. ही माणसं आपला प्रबंध, आपलं संशोधन सांभाळून हे काम करत राहिली. त्यांचं ऋण फेडणं मुळीच अवघड नाही. आलेख छापताना त्याची स्क्रिप्ट सोबत द्या आणि ज्या साधनाने तो काढला, त्याचं नाव संदर्भसूचीत लिहा.