तेराव्यानंतरचे दिवस



तेरावा होतो. भारतातून आलेली माणसं परत जातात, मंडळातल्या मैत्रिणींचे डबे थांबतात. भाड्याने आणलेली हॉस्पिटलची खाट उचलून नेली की खोली एकदम मोठी दिसू लागते. तरी रात्री दोनला तुम्हाला जाग येतेच. ती सासूबाईंच्या औषधाची वेळ असते.

ज्यांनी आजारी माणसाचं वर्षानुवर्षं केलं, त्यांचं माणूस जातं आणि त्याच्याभोवती बांधलेला दिवसही जातो. शिवाय एक गोष्ट कुणाला सांगवत नाही. भेटायला आलेले म्हणतात, "सुटल्या बिचाऱ्या." तुमच्या मनात येतं, मीही सुटले. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटते.

हे ऐकून दचकत नाहीत ती त्याच वाटेने गेलेली माणसं. हे ओळखून फिलिस सिल्व्हरमन यांनी १९६०च्या दशकात बॉस्टनमध्ये एक उपक्रम उभा केला. पूर्वी पती गमावलेल्या स्त्रिया नुकतंच ते दुःख आलेल्या बाईला जाऊन भेटत. आजचे आधारगटही असेच चालतात. बरेच गट सहा-आठ आठवडे, आठवड्यातून एकदा भेटतात. तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, न मागता सल्ला द्यायचा नाही. नुसतं ऐकत बसलात तरी चालतं.

गट शोधायचा कुठे? तुमचं माणूस मेडिकेअरच्या हॉस्पिस सेवेत असेल, तर मृत्यूनंतर वर्षभरापर्यंत कुटुंबाला मानसिक आधार देण्याची सोय हॉस्पिसला नियमानेच ठेवावी लागते. त्याचं वेगळं बिल येत नाही. फोन करून बिरीव्हमेंट को-ऑर्डिनेटरशी बोलायचंय असं सांगा. हॉस्पिस घेतलं नव्हतं, तरी जवळच्या हॉस्पिसला विचारा. अनेक ठिकाणी बाहेरच्यांनाही गटात घेतात.

इंग्रजीत मन मोकळं होत नसेल, तर मंडळातली अशी चार माणसं महिन्यातून एकदा झूमवर भेटू शकतात. नियम मात्र तेच ठेवा.

जीव नकोसा वाटू लागला, तर गटाच्या दिवसाची वाट पाहू नका. ९८८ या क्रमांकावर केव्हाही फोन किंवा मेसेज करता येतो.

आणि तुमच्या ओळखीत कुणाचा तेरावा होऊन दोन-तीन महिने झाले असतील, तर आज त्यांना फोन करा. "झोप लागते का?" एवढंच विचारा आणि ऐका.