मंगळवारची राख

इतिहासात ‘जर-तर’ला स्थान नसते, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. साहित्याने हे फारसे मनावर घेतलेले नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांचा प्राण घेणारी गोळी हुकते आणि हिंदुस्थानचा इतिहास वेगळ्या वळणाला लागतो. फिलिप के. डिक या अमेरिकन लेखकाच्या ‘द मॅन इन द हाय कॅसल’ (१९६२) या कादंबरीतही निमित्त गोळीचेच आहे. १५ फेब्रुवारी १९३३ रोजी मायामीत जुझेप्पे झांगारा याने रूझवेल्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. प्रत्यक्षात रूझवेल्ट बचावले. शिकागोचे महापौर अँटन सरमॅक जखमी होऊन पुढे दगावले. कादंबरीत मात्र रूझवेल्ट मरतात, अमेरिका महायुद्ध हरते आणि जर्मनी व जपान तिची वाटणी करून घेतात.

या कादंबरीवरची चार पर्वांची मालिका २०१५ ते २०१९ या काळात अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओवर आली. मी ती उशिराच पाहिली, थोरल्या भावासोबत. दादाला लहानपणी पोलिओ झाला; तेव्हापासून तो कुबडीवर चालतो. हे इथे सांगण्याचे कारण पुढे येईल.

मालिकेने मूळ कथेत केलेले दोन बदल मला महत्त्वाचे वाटतात. पहिला असा : कादंबरीत एक बंदी घातलेले पुस्तक हातोहात फिरते, ज्यात दोस्त राष्ट्रे युद्ध जिंकलेली असतात. मालिकेत त्या पुस्तकाच्या जागी चित्रपटाची रिळे येतात. पुस्तकातले खरे मानायचे की नाही, हे वाचणाऱ्याने ठरवायचे असते. रीळ मात्र पुरावाच वाटते. ज्युलियाना ही नायिका ते रीळ पाहते आणि घरदार सोडून निघते. डोळ्यांनी पाहिले की माणूस जागा होतो, असा मालिकेचा यामागचा भरवसा दिसतो.

पण पहिल्याच भागातला एक प्रसंग या भरवशाला छेद देतो. जो नावाचा तरुण ट्रक घेऊन चालला आहे. वाटेत एक पोलीस भेटतो, पूर्वी अमेरिकेच्या बाजूने लढलेला. आकाशातून काहीतरी भुरभुरत असते. हे काय, असे जो विचारतो. पोलीस सहज सांगतो की ते इस्पितळाचे आहे. मंगळवारी तिथे अपंगांना आणि असाध्य रोग्यांना जाळतात, राज्यावर भार म्हणून. राख सगळ्यांनाच दिसते आहे, पण कोणीही जागे होत नाही.

हा प्रसंग कादंबरीत नाही. तो कल्पनेतलाही नाही. जर्मनीतल्या हाडामार या गावी मनोरुग्णालयात जानेवारी ते ऑगस्ट १९४१ या आठ महिन्यांत दहा हजारांहून अधिक रुग्णांना आणि अपंगांना विषारी वायूने मारून जाळण्यात आले. धुराडे गावातून दिसत होते आणि पोरासोरांनाही त्याचा अर्थ ठाऊक होता. अशी सहा केंद्रे होती आणि त्यांच्या स्वतःच्या हिशेबानुसार बळी सत्तर हजारांवर गेले. याची तयारी आधीपासून होती : शाळेतल्या गणिताच्या पुस्तकांत अपंगांच्या देखभालीवर किती खर्च होतो, याची उदाहरणे मुले सोडवत होती. ऑगस्ट १९४१ मध्ये बिशप गालेन यांनी प्रवचनातून जाहीर निषेध केला. त्याच महिन्यात हिटलरने वायुकेंद्रे थांबवण्याचा आदेश दिला. हत्या मात्र उपासमार आणि इंजेक्शने यांच्या मार्गाने चालूच राहिल्या.

दुसरा बदल जॉन स्मिथचा. कादंबरीत नसलेले हे पात्र पूर्वी अमेरिकन सैनिक होते, आता नाझींचा बडा अधिकारी आहे. त्याच्या मुलाला, थॉमसला, स्नायूंचा आनुवंशिक आजार असल्याचे निघते. डॉक्टर सुचवतो, हे घरच्या घरी उरकून घ्या. स्मिथ त्या डॉक्टरलाच संपवतो. ज्या कायद्याची त्याने इमानाने चाकरी केली, तोच आता त्याच्या उंबऱ्याशी आला आहे. पुढे थॉमसला आपला आजार कळतो तेव्हा तो स्वतःहून सरकारच्या स्वाधीन होतो, कारण बापाने आणि शाळेने त्याला तेच शिकवलेले असते. धाक दाखवावा लागत नाही. हिशेब पोराच्या अंगात मुरलेला आहे.

पर्यायी इतिहासाचा उपयोग मला इथे कळला. युद्ध कोण जिंकले असते, हा त्यातला वरवरचा प्रश्न. माणसाची किंमत त्याच्यावरच्या खर्चात मोजायला लोक कसे सरावतात, हा खरा. त्यासाठी कुणी युद्ध हरावे लागत नाही.

त्या पोलिसाचे वाक्य आले तेव्हा दादाने मालिका थांबवली. भाषांतर त्याला नको होते. “आपल्याकडे आहे की हे,” तो म्हणाला, “खायला काळ नि भुईला भार. माझ्यासमोर आईला किती जणांनी ऐकवलंय.” मग त्यानेच रिमोट उचलला आणि मालिका पुढे सुरू केली.